मिरजेत कॅशलेस मंजूर होऊनही बिलातले पैसे आम्हाला का भरावे लागले?

बहुतेक वेळा गोम खोलीच्या भाड्यात असते. ३ लाखांच्या पॉलिसीत भाड्याची मर्यादा १ टक्का असेल, तर दिवसाला ३,००० रुपये. तुम्ही ५,००० ची खोली घेतलीत, तर कंपनी वरचे २,००० कापून थांबत नाही. डॉक्टरांची फी, नर्सिंग, ऑपरेशन थिएटर हे सगळं त्याच प्रमाणात (५,००० पैकी ३,०००), म्हणजे ६० टक्केच धरते, कारण खोली वरच्या दर्जाची घेतली की बरीच हॉस्पिटलं हे दरही चढवतात. जिथे खोलीप्रमाणे दर बदलत नाहीत, तिथे ही कपात चालत नाही. औषधं, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूलाही ही कात्री लागत नाही. लावली असेल तर टीपीएकडे (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी संस्था) कपातीचा तपशील लेखी मागा. हातमोजे, नोंदणी फी वगैरे किरकोळ वजावट वेगळी.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं गणित निराळं. तिथे उपचाराचं पॅकेज ठरलेलं असतं आणि हॉस्पिटलला पैसे डिस्चार्जनंतर, क्लेम पास झाल्यावर मिळतात. म्हणून काही हॉस्पिटलं आधीच रोख मागतात (हे नियमात बसत नाही). देण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेचा हॉस्पिटलातला मदतनीस) गाठा. रेशनकार्ड आणि आधार मात्र भरती होतानाच दाखवा.