लेक हीटरपाशी दूध-पाव ठेवते आणि सासूबाई घाबरल्यात

ताई, तुमची मेल वाचून आधी हसूच आलं, सॉरी. 14 वर्षांची लेक रोज रात्री हीटरपाशी वाटीत दूध आणि पावाचा तुकडा ठेवते, विचारलं तर म्हणते दोमोवोयसाठी, आणि सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाईंना वाटतंय पोरीला काहीतरी लागलंय.

काही लागलेलं नाहीये हो, ती कॅथरीन आर्डेनची विंटरनाइट मालिका वाचतीये. तीन पुस्तकं आहेत, पहिली दोन 2017 ची, तिसरं 2019 चं. गोष्ट चौदाव्या शतकातल्या रशियातली, जंगलाच्या कडेला राहणारी वास्या, तिला घरातले, तबेल्यातले, न्हाणीघरातले राखणदार दिसतात जे बहुतेकांना दिसतच नाहीत. दोमोवोय हा घराचा राखणदार, तिकडच्या घरात ती भलीमोठी भट्टी असते ना, तिथे राहणारा म्हातारबुवा. मग मॉस्कोहून एक पाद्री येतो, लोकांना देवाची भीती घालतो, लोक दूध-पाव ठेवायचं सोडतात आणि हे बिचारे राखणदार खंगत जातात.

आता सासूबाईंना एकच विचारा, घरात कुणी अभद्र बोललं की "असं बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते" हे कोण म्हणतं? त्याच ना? मग झालं की! आणि माहेर कोकणातलं असेल तर राखणदार काय हे त्याच तुम्हाला सांगतील, पार नारळासकट.

मला मेलमधलं दुसरंच वाक्य टोचलं. पाच वर्षांत तीन घरं बदलली असं तुम्ही सहज लिहून गेलात. रशियन खेड्यांत घर बदलताना दोमोवोयला सोबत चल म्हणून बोलवायची पद्धत होती, जुन्या भट्टीतले निखारे मडक्यात घालून नव्या घरी न्यायचे, कुठे कुठे त्याला जुन्या चपलेत बसवून न्यायचे. पोरीला त्यातलं काय भावलं असेल ते मी वेगळं सांगायला नको.

फक्त तुम्ही स्वतः वाचा, कारण ही काही लहान मुलांची परीकथा नाही, जबरदस्तीची लग्नं आहेत, रक्तपात आहे, तिसऱ्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच जमाव वास्याला जाळायला निघतो. तो भाग तिने एकटीने वाचू नये असं माझं मत. शेवटी येणारी कुलिकोवोची लढाई मात्र खरी, 1380 ची, मॉस्कोचा राजा दिमित्री विरुद्ध मंगोल-तातार सरदार मामाई, डॉन नदीजवळ झाली म्हणून दिमित्रीला पुढे दोन्स्कोय म्हणायला लागले. लेकीला हे आधीच माहीत असेल, तरी विचारा, तिला सांगायला आवडेल.

आणि दूध सकाळी तिलाच उचलायला लावा, हीटरपाशी नासून वास मारतं. सासूबाईंना म्हणावं, त्यापेक्षा गुळाचा खडा सुचवा.