पोरं ऐकत नाहीत, ओरडून घसा बसतो. न मारता, खेळीमेळीनं वर्ग कसा सांभाळायचा?

पाचवीचा वर्ग, बेचाळीस पोरं आणि तुमचं पहिलंच वर्ष. घसा बसणारच! हात उगारायचा नाही हे बरोबर. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे. कोंबडा करायला लावणंही आलंच त्यात.

मी सोलापुरात पूर्व भागात शिकवतो. आमच्या बऱ्याच पोरांच्या घरी तेलुगू बोलतात आणि घरात नाहीतर शेजारी यंत्रमाग असतो. पहिली दोन वर्षं मला वाटायचं, ही मुद्दाम किंचाळतात. मग एकाच्या घरी गेलो. माग चालू होते. चहा घेणार का, हे त्याच्या आईनं माझ्या कानाशी येऊन ओरडून विचारलं आणि पोराला साखर आणायला नुसतं बोटांनी सांगितलं. ते पळालंसुद्धा. तेवढ्यात लाईट गेली. खटखट थांबली आणि सगळं घर एकदम हळू बोलायला लागलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात तेच आणलं. मी "लाईट गेली!" म्हटलं की हात थांबले, तोंड बंद. "लाईट आली" म्हटलं की पुढे सुरू. मी शिकवत असताना काही हवं असेल तर खुणेनं मागायचं. पेन्सिलसाठी हवेत लिहायचं. दिवसातून तीनदाच वापरा, नाहीतर धार जाते. आणि वर्ग गप्प झाला की लगेच कामाचं बोला. त्या शांततेत उपदेश सुरू केलात की खेळ मेला. पोरांनाही पाळी द्या. माझं बोलणं लांबलं की एक मुलगी माझीच लाईट घालवते, मग मी खडू हवेत धरून अर्ध्या वाक्यात उभा. "सर, लाईट आली की ओ!" म्हणेपर्यंत हलायचं नाही.

गुणांचा खेळ मात्र जपून. 1969 साली अमेरिकेत चौथीच्या एका वर्गावर 'गुड बिहेव्हियर गेम' करून पाहिला होता. वर्गाचे दोन गट. जागेवरून उठलं किंवा मध्येच बोललं की गटाच्या नावावर फळ्यावर खूण. कमी खुणांचा गट जिंकतो, पण ठरलेल्या मर्यादेत राहिले तर दोन्ही जिंकतात. मी हा 'दोन्ही'च विसरलो. एका पोराच्या सात खुणांमुळे गट हरला आणि मधल्या सुट्टीत त्याच्याच गटानं त्याला धोपटलं. चूक माझी होती. (त्या मूळ प्रयोगातही दोन मुलं बिथरली होती, त्यांना गटातून वेगळं काढावं लागलं.) तेव्हापासून फळ्यावर दोनच रकाने: 'वर्ग' आणि 'सर'. मी आवाज चढवला की खूण माझ्या नावावर. वर्ग जिंकला की शेवटची दहा मिनिटं भेंड्या. आठवड्यातून दोनदा तरी हरतोच मी.

जानेवारीत गड्डा यात्रा भरली की यातलं काही चालत नाही. दप्तरादप्तरातून पिपाण्या निघतात. त्या मी जप्त करत नाही, शाळा सुटायच्या आधी पाच मिनिटं सगळ्यांनी मिळून वाजवायच्या. शेजारच्या वर्गाच्या बाईंना तेवढं आधी सांगून ठेवा.