आइस हॉकीत मुलाचं करिअर होऊ शकतं का? व्यावसायिक खेळाडूचं आयुष्य नेमकं कसं असतं?

तुम्ही लिहिलंय की मुलगा दहा वर्षांचा आहे, पुण्याहून कॅनडात आल्यापासून हॉकीत रमलाय, आणि घरचे सारखे विचारतात, "यात पुढे काय?" करिअर होतं. पण झालं तरी ते घरच्यांना दिसेलच असं नाही. आपल्याकडे शतक मारतो तो खेळाडू, बाकीचे नुसते भरतीला, असं मोजमाप डोक्यात पक्कं बसलेलं असतं. या मोजमापावरून माझं आणि माझ्या दिरांचं वर्षानुवर्षं वाजतंय, म्हणून लिहायला बसले.

जून 2011. आम्ही तेव्हा व्हँकुव्हरजवळ बर्नबीला राहायचो. आमचा व्हँकुव्हर कॅनक्स संघ एनएचएलच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या व्यावसायिक लीगच्या, स्टॅनली कपच्या अंतिम फेरीत, समोर बॉस्टन. भावजी पुण्याहून आले होते, मुलगा टीव्हीला नाक लावून बसलेला. दुसऱ्या सामन्यात कॅनक्सचा मॅनी मल्होत्रा बर्फावर उतरला आणि अख्खं स्टेडियम उभं राहिलं. मार्चमध्ये कोलोरॅडोविरुद्ध खेळताना पक, म्हणजे हॉकीची रबरी चकती, उडून त्याच्या डाव्या डोळ्यावर बसला होता. शस्त्रक्रिया झाल्या, त्या डोळ्याची नजर बरीचशी गेली, आणि हा माणूस अडीच-तीन महिन्यांत परत आला होता! मला रडूच फुटलं. भावजींनी विचारलं, "वहिनी, याने गोल किती मारलेत?" मी म्हटलं, फार नाहीत. "मग एवढं काय त्याचं?"

एवढं काय, ते सांगते. वडील पंजाबी, आई क्यूबेकची, जन्म मिसिसागाचा. 1998 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, न्यूयॉर्क रेंजर्सने त्याला सातव्या क्रमांकावर निवडलं. सातवा म्हटल्यावर सगळ्यांनी गोलांची वाट पाहिली, ते काही फारसे झाले नाहीत. रेंजर्सने डॅलसला दिला, डॅलसने वेव्हर्सवर सोडला, म्हणजे हवा त्या संघाने घ्यावा म्हणून मोकळा केला, तेव्हा कोलंबसने उचलला. व्यावसायिक खेळाडूचं आयुष्य ते हेच. फोन आला की बॅग भरायची, बायकोमुलांनी मागून यायचं. बरेच जण इथेच संपतात. मल्होत्राने मात्र ज्या कामाला टाळ्या पडत नाहीत ते हातात घेतलं, फेसऑफ. आपल्याच गोलच्या बाजूला, एक गडी कमी असताना, पंच दोन खेळाडूंच्या मध्ये पक टाकतो तेव्हा तो आपल्याकडे ओढायचा. वाकून उभं राहायचं, स्टिकवरचा खालचा हात उलटा धरायचा, नजर पंचाच्या मुठीवर, आणि मूठ सुटताच समोरच्याच्या आधी मनगट फिरवायचं. निम्म्याहून जास्त जिंकले की खेळाडू चांगला म्हणतात. दुखापतीच्या त्या हंगामात मल्होत्रा साठ टक्क्यांच्या वर होता. याच जोरावर एनएचएलमध्ये 991 सामने खेळला. आता तुम्ही सांगा, हे करिअर नाही?

आमचा मुलगाही सेंटर, म्हणजे फेसऑफ घेणारा मधला खेळाडू. त्याचे बाबा तळघरात काँक्रीटवर खुर्ची टाकून बसायचे, पक टाकत राहायचे, आणि हा जेवायला बोलावलं तरी वर यायचा नाही. ज्युनियरपर्यंत खेळला, एकोणिसाव्या वर्षी थांबला, आता लहान मुलांना शिकवतो. मागच्या दिवाळीला व्हिडिओ कॉलवर भावजी पुन्हा तेच, "इतका पैसा ओतलात, मिळालं काय?" पोराच्या देखत! क्लासच्या फिया भरून इंजिनिअर न झालेल्यांना हा प्रश्न कुणी विचारत नाही. तुमच्याकडे असे कुणी असतील तर मुलासमोर त्यांना बोलू देऊ नका. पाहुणा असो नाहीतर वडीलधारा.

पैशांचं थोडक्यात. 2025-26 मध्ये एनएचएलचा किमान पगार वर्षाला 7 लाख 75 हजार डॉलर होता. पण नव्या आणि काठावरच्या बऱ्याच जणांचा करार दुहेरी असतो, एएचएल या खालच्या लीगमध्ये धाडलं की पगार एकदम खाली येतो. वर्षाला ड्राफ्टमध्ये जगभरातून फक्त 224 च्या आसपास मुलं घेतली जातात. मात्र ड्राफ्ट हुकला म्हणजे दार बंद, असंही नाही. व्हँकुव्हरजवळच्या सरेचा अर्शदीप बैन्स कुणीच निवडला नव्हता, तरी कॅनक्सकडून खेळला. 2025 मध्ये कॅनक्सच्याच खालच्या संघाने, ॲबट्सफर्डने, एएचएलच्या विजेतेपदाचा कॅल्डर कप जिंकला त्या संघात तो होता, आणि प्रशिक्षक कोण होता? मल्होत्रा! डोळ्यामुळे खेळणं धोक्याचं आहे म्हणून 2013 मध्ये कॅनक्सनेच ज्याला घरी बसवलं होतं, तोच. या बातमीचं कात्रण मी भावजींना पाठवलं. उत्तर आलं नाही.

दोन गोष्टी राहिल्या. पूर्वी डब्ल्यूएचएलसारख्या मेजर ज्युनियरमध्ये, म्हणजे तरुण मुलांच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, एक सामना खेळला तरी अमेरिकन विद्यापीठाच्या हॉकीचा रस्ता बंद व्हायचा. 2025 पासून तो नियम बदललाय, त्यामुळे अभ्यास की हॉकी हा निर्णय पंधराव्या वर्षीच घ्यायची सक्ती आता नाही. दुसरं, डोक्याला मार लागला तर डॉक्टरांनी सोडेपर्यंत बर्फावर पाऊल नाही, प्रशिक्षक काहीही म्हणोत. आणि पुढच्या हंगामात प्रशिक्षकांना विचारा, याला पेनल्टी किलला, म्हणजे आपला एक गडी कमी असताना, उभा कराल का? गोल मारायला रांग लागलेली असते, तिथे मात्र जागा मिळते.