खातं बंद होणार म्हणून आलेला मेल खरा की खोटा?

प्रश्न : ताई नमस्कार, आमचा टॉवेल-नॅपकिनचा छोटा धंदा आहे, भाऊ कारखाना बघतो आणि मी बाहेरच्या ऑर्डरी घेतो, परदेशातलं गिऱ्हाईक पेपालवर पैसे टाकतं. परवा मेल आला की तुमच्या खात्यावर मर्यादा आलीय, २४ तासांत माहिती भरा नाहीतर पैसे अडकतील. लोगो, रंग सगळं हुबेहूब. मी घाबरून लिंक उघडली, पासवर्ड टाकला, पुढं कार्डचा नंबर आणि सीव्हीव्ही मागायला लागले तेव्हा शंका आली आणि बंद केलं. पैसे अजून गेले नाहीत. आता काय करू, आणि असला मेल ओळखायचा कसा?
– एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : दादा, कार्ड नंबरला थांबलात हे लई बरं झालं, पण पासवर्ड त्यांच्याकडं गेलाय, त्यामुळं पुढचं नंतर वाचा, आधी पेपालचं ॲप उघडून तो बदला. तोच पासवर्ड जीमेललाही असेल तर जीमेलचा सगळ्यात आधी, कारण मेल ज्याच्या हातात आला त्याला बाकीचे सगळे पासवर्ड 'फरगॉट' दाबून बदलता येतात. टू-स्टेप व्हेरिफिकेशन (म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड लागतो ते) चालू करा आणि खात्यात नवीन बँक किंवा मेल आयडी कुणी जोडलाय का तेही बघा.

आता ओळखायचं कसं. लोगोवर जाऊ नका, तो कुणीही चिकटवतो. मोबाईलवर पाठवणाऱ्याचं फक्त नाव दिसतं आणि नाव काहीही ठेवता येतं, त्यावर टॅप करून पूर्ण पत्ता बघायचा. लिंकसुद्धा नुसती दाबून धरली की खरा पत्ता दिसतो. तो वाचताना पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या (/) आधीचं शेवटचं नाव बघायचं. पाकिटावर नवी पेठ लिहिलं म्हणून पत्र सोलापूरला येत नाही, पुण्यातपण नवी पेठ आहे, शेवटी गाव कुठलं ते बघावं लागतं ना, तसंच 'पेपाल डॉट कॉम डॉट अमुकतमुक डॉट टॉप' हे पेपालचं नाही, अमुकतमुकचं आहे. कधी इंग्रजी एलच्या जागी १ चा आकडा घालतात, घाईत कळतच नाही. बँकांचं थोडं सोपं झालंय, रिझर्व्ह बँकेनं ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सगळ्यांना 'डॉट बँक डॉट इन' वर जायला सांगितलं होतं, त्यामुळं बँकेच्या वेबसाइटचा शेवट तो आहे का बघा.

पण मला खरी काळजी दुसऱ्या प्रकाराची वाटते. चोर पेपालवरच खातं काढून तुम्हाला खोटं बिल पाठवतो, मग मेल खऱ्याच पत्त्यावरून येतो आणि आत लिहिलेलं असतं की हे पैसे तुम्ही दिले नसतील तर या नंबरवर फोन करा. तो नंबर चोराचा! तिथं पत्ता तपासून काही उपयोग नाही, म्हणून मी तर मेलमधली लिंक आणि मेलमधला नंबर दोन्ही वापरतच नाही, ॲप स्वतः उघडते, खरंच काही अडलं असेल तर तिथं दिसतंच.

भावालाही एक सांगून ठेवा, यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, कुणी पिन टाका म्हटलं की तुमचे पैसे जाणार.

पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावायचा आणि बँकेला कळवायचं, उद्या बघू म्हणायचं नाही, पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत थांबवता आले तर मिळायची आशा असते. आणि तो मेल डिलीट करू नका, तक्रारीला लागेल.