वाचकांचे प्रश्न : जुना रुपया, पौंड आणि डॉलर

प्रश्न (नाशिक) : १९४७ साली एका रुपयाला एक डॉलर मिळत असे, कारण देशावर परकीय कर्ज नव्हते, असा मजकूर दर ऑगस्टमध्ये मोबाइलवर फिरतो. त्यात तथ्य किती?

उत्तर : अजिबात नाही. तेव्हा एका डॉलरला सुमारे ३ रुपये ५ आणे पडत (रुपयाचे १६ आणे, आण्याचे १२ पै). रुपयाची गाठ डॉलरशी नव्हतीच. ती पौंडाशी होती. १९२७ च्या कायद्याने एका रुपयाला १ शिलिंग ६ पेन्स हा दर ठरला (पौंडाचे २० शिलिंग, शिलिंगाचे १२ पेन्स), म्हणजे पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै. पौंडाचे ४.०३ डॉलर होत. १३.३३ ला ४.०३ ने भागा, ३.३१ येतात.

हाच हिशेब सोन्यावरूनही पडताळता येतो. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे डिसेंबर १९४६ मध्ये रुपयाचे मूल्य ०.२६८६०१ ग्रॅम शुद्ध सोने असे नोंदवले गेले, डॉलरचे ०.८८८६७१ ग्रॅम होते. दुसऱ्याला पहिल्याने भागले की पुन्हा ३.३१.

कर्जाचा मुद्दा तर उलटा आहे. महायुद्धात ब्रिटनला पुरवलेल्या मालाच्या आणि सेवांच्या बदल्यात भारताचे शंभर कोटी पौंडांहून अधिक लंडनमध्ये जमा होते. आपण सावकार होतो, तरी डॉलर एका रुपयाला मिळाला नाही. बांधलेल्या दराच्या व्यवस्थेत दर बाजार ठरवत नसे, सरकार ठरवी.

सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंड ४.०३ वरून २.८० डॉलरवर आणला. भारतानेही तेच केले, म्हणून रुपयांत पौंड होता तिथेच राहिला आणि डॉलर ४.७६ रुपयांवर गेला. पाकिस्तानने मात्र अवमूल्यन, म्हणजे आपल्या चलनाचा दर असा खाली आणणे, नाकारले. तेथील १०० रुपयांना आपले १४४ मोजावे लागणार, हे भारताने मान्य केले नाही आणि पाकिस्तानात गेलेल्या पूर्व बंगालच्या तागावर चालणाऱ्या कलकत्त्याच्या गिरण्यांचा कच्चा माल अडला. दराच्या एका आकड्याने शेजाऱ्यांचा व्यापार कसा थांबतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

प्रश्न (रत्नागिरी) : आजोबा बोटीवर नोकरीला होते. त्यांच्या पगाराची १९३६ ची पावती ४ पौंड १० शिलिंग ६ पेन्सची आहे. त्याचे रुपये किती झाले असतील?

उत्तर : आधी सगळ्याचे पेन्स करा. पौंडाचे २४० पेन्स, शिलिंगाचे १२. म्हणजे ९६० अधिक १२० अधिक ६, एकूण १,०८६. रुपयाला १८ पेन्स, म्हणून १८ ने भागा : ६० रुपये आणि ६ पेन्स शिल्लक. सहा पेन्स म्हणजे रुपयाचा तिसरा हिस्सा, ५ आणे ४ पै. उत्तर ६० रुपये ५ आणे ४ पै.

बहुतेकांची चूक पहिल्याच पायरीवर होते. ४ पौंड १० शिलिंग ही रक्कम कॅल्क्युलेटरवर ४.१० अशी टाकतात, ती ४.५० आहे.

हातात पडलेली रक्कम थोडी वेगळी असू शकेल. रिझर्व्ह बँक १८ पूर्णांक ३/१६ पेन्सला स्टर्लिंग (ब्रिटिश पौंड) विकत घेण्यास आणि १७ पूर्णांक ४९/६४ पेन्सला विकण्यास कायद्याने बांधलेली होती. या दोन टोकांमध्ये तुमच्या पावतीचे ५९ रुपये ११ आण्यांपासून ६१ रुपये २ आण्यांपर्यंत काहीही होऊ शकते. पेन्सचा आकडा जितका मोठा, तितके रुपये कमी; इथेही गोंधळ होतो. बँकेची हुंडणावळ आणि कमिशन वेगळे.

कागदाचे साल मात्र नीट वाचा. पहिल्या महायुद्धापूर्वी रुपया १६ पेन्सचा होता, त्या दराने हीच रक्कम ६७ रुपये १४ आणे होते. १९१७ ते १९२५ या काळातला कागद असेल तर कोणताही ठरावीक आकडा वापरू नका : चांदी महागल्याने रुपया चढला, १९२० मध्ये तो २ शिलिंगांवर बांधायचा प्रयत्न फसला आणि दर कोसळला. त्या काळासाठी त्या दिवसाच्या वर्तमानपत्रातला मुंबई बाजाराचा दरच हवा. १९२६ मध्ये भारतीय चलनावरील हिल्टन यंग आयोगाने १८ पेन्सची शिफारस केली, तेव्हा आयोगाचे सदस्य, मुंबईचे उद्योगपती पुरुषोत्तमदास ठाकूरदासांनी भिन्नमतपत्रिका जोडून १६ चाच आग्रह धरला. पौंड १५ ऐवजी १३.३३ रुपयांना मिळाला की विलायती कापड नवव्या हिश्श्याने स्वस्त होते. मुंबईच्या गिरणीमालकांचा विरोध त्यामुळेच होता, आणि तो रास्त होता.

प्रश्न (सोलापूर) : १९६६ चे अवमूल्यन कुठे ३६.५ टक्के, कुठे ५७.५ टक्के लिहिलेले दिसते. बरोबर कोणते?

उत्तर : दोन्ही. ६ जून १९६६ ला डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर गेला, म्हणजे ५७.५ टक्के महागला. रुपया २१ सेंटवरून १३.३३ सेंटवर आला, म्हणजे ३६.५ टक्के उतरला. आयातीचा खर्च मोजायचा असेल तर ५७.५ चा आकडा घ्या. पौंड २१ रुपये झाला. पण नोव्हेंबर १९६७ मध्ये ब्रिटनने पुन्हा अवमूल्यन केले, या वेळी भारताने तसे केले नाही, आणि पौंड १८ वर उतरला.

प्रश्न (मुंबई) : कुवेत, बहरीनमध्ये कधीकाळी आपला रुपया चालत होता का?

उत्तर : हो. पण सोन्याच्या चोरट्या व्यापारात गेलेल्या नोटा परत येऊन त्यांच्या बदल्यात भारताला स्टर्लिंग द्यावे लागे. म्हणून १९५९ मध्ये आखातापुरत्या वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या, किंमत तीच ठेवून. कुवेतने १९६१ मध्ये दिनार आणला, १३.३३ रुपयांना एक, म्हणजे नेमका एक पौंड. बहरीनने १९६५ मध्ये १० रुपयांना एक दिनार धरला. १९६६ च्या अवमूल्यनानंतर कतार आणि दुबईनेही रुपया सोडला. त्यांचा नवा रियाल जुन्या, अवमूल्यनापूर्वीच्या रुपयाच्या किमतीचा होता.