प्रश्न तुमचे : नव्व्यांची जोडी आणि ड्राफ्टमधला राजीनामा

प्रश्न : वय २७. ऐरोलीतल्या एका कंपनीत सपोर्टला आहे, हातात ३८ हजार येतात. जून २०२४ पासून ऑगस्ट २०२५ मध्ये ॲप बंद होईपर्यंत, चौदा महिन्यांत ऑनलाइन पोकरच्या ३४० टुर्नामेंट खेळलो. एन्ट्री फी वजा जाता नफा १ लाख ८६ हजार, त्यात एकच मोठं बक्षीस १ लाख ४० हजारांचं. मित्र म्हणतो, बाहेरच्या देशातली ॲप चालू आहेत, नाहीतर गोवा आहेच. पोकर पूर्णवेळ करावं का? राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्ये आहे. शिवाय एक डाव डोक्यातून जात नाही. चौघं उरलो होतो, बक्षीस तिघांना, चिप्स सगळ्यांकडे सारख्याच. एकाने ऑल-इन केलं, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्या, मी नव्व्यांच्या जोडीवर कॉल केला, म्हणजे तेवढ्याच लावल्या. त्याची एक्का-राणी. टेबलावरच्या शेवटच्या पानाला राणी आली, त्याची जोडी मोठी झाली आणि मी बाहेर. चूक की नशीब?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : आधी नव्व्यांचं बघू.

तुम्हाला वाटतंय, कॉल बरोबर होता आणि राणीने घात केला. जोडी पुढे होती हे खरं, शंभरातले साधारण ५५ डाव ती जिंकते. पण त्याने पानं उलटी करून दाखवली असती, तरी तुम्ही फोल्डच करायला, म्हणजे पानं टाकून द्यायला हवं होतं.

हिशेब मांडू. बक्षिसाचे एकूण दहा हजार धरा : पहिल्याला ५,०००, दुसऱ्याला ३,०००, तिसऱ्याला २,०००. चौघांकडे सारख्या चिप्स, म्हणजे तुमच्या खुर्चीची किंमत २,५०० रुपये. कॉल करून जिंकलात तर चिप्स दुप्पट होतात. खुर्चीची किंमत मात्र ५,००० होत नाही, ती होते सुमारे ३,८३३. कारण सगळ्या चिप्स गोळा केल्या तरी पहिलं बक्षीस ५,००० च आहे, बाकीचे पैसे दुसऱ्या-तिसऱ्याचे. आता ३,८३३ चे ५५ टक्के काढा : २,१०८. म्हणजे २,५०० ची वस्तू तुम्ही २,१०८ ला विकलीत. ब्लाइंडमधली, म्हणजे पानं बघण्याआधी सक्तीने लावाव्या लागणाऱ्या चिप्सची, चिल्लर सोडून दिली, तर इथे कॉल परवडायला शंभरात ६५ वेळा जिंकणारी पानं लागतात. मधले चारशे रुपये कुणाला गेले? गप्प बसून बघणाऱ्या त्या दोघांना. तुम्ही दोघं भांडलात, दिवाळी त्यांची झाली. पोकरवाले या हिशेबाला आयसीएम म्हणतात. बबलवर, म्हणजे बक्षिसाच्या उंबरठ्यावर, याच्याशिवाय खेळणं म्हणजे भाव न विचारता भाजी घेणं.

आणि एक सांगतो. राणी आली नसती, तर हा डाव तुम्ही मला लिहून पाठवलाच नसता. चूक तेवढीच असती, फक्त दिसली नसती.

आता हीच नजर तुमच्या १ लाख ८६ हजारांवर टाका. ते १ लाख ४० हजार बाजूला ठेवा. उरतात ४६ हजार, भागिले चौदा : महिन्याला सव्वातीन हजार. ते बक्षीस तुमचं नव्हतं असं मी म्हणत नाही, टुर्नामेंटमध्ये पैसा असाच येतो, दुष्काळानंतर एकदम. पण ३४० टुर्नामेंटमध्ये एक मोठं बक्षीस लागलं, यावरून पुढच्या ३४० मध्ये लागेल की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. आणि यात कर कुठे आहे? ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के, वर सेस. खर्चाची किंवा ठरावीक रकमेपर्यंत माफ वगैरे सवलत त्याला नाही, आणि तोटा पगारातून वळता करता येत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. २०१६ च्या दिवाळीनंतर नोकरी सोडून मी कोपरखैरण्यात खोली घेतली आणि २६ महिने फक्त पोकर खेळलो. लाँगबुकात प्रत्येक टुर्नामेंटची एक ओळ, अशा चार हजारांवर ओळी. सातव्या महिन्यापर्यंत वही अशी बहरली होती की मी आईला मिक्सर घेऊन दिला. मग साडेचार महिने नुसती उतरण. खेळ तोच, अभ्यास उलट जास्त. एका जुलैच्या रात्री सव्वातीनला, १९ जण उरलेले, बक्षीस १८ जणांना, आणि लाइट गेली. फोनच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडेपर्यंत दोनदा ब्लाइंड आपोआप कापले गेले. घरमालकीणबाई दार वाजवून विचारतायत, ‘मेणबत्ती देऊ का रे?’ मी चिडून एक्का-बादशहावर ऑल-इन केलं आणि एकोणिसावा आलो. पुढच्या आठवड्यात इन्व्हर्टर आणला. पगारदार माणूस आधी फ्रीज घेतो, मी राउटरसाठी बॅटरी घेतली. शेवटी तासाचा हिशेब काढला, तर आज मला नौपाड्यात बारावीच्या बॅचला गणित शिकवून मिळतात त्यापेक्षा कमीच पडले होते. हरलो नव्हतो, हं. नफ्यातच होतो. त्या नफ्यात भाडं भागत होतं, एवढंच.

पण मी जे सोडलं, ते आज भारतात उरलेलंच नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले, कौशल्याचा खेळ की नशिबाचा हा जुना वादच त्यात ठेवला नाही. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. बँकांना असे व्यवहार करायला मनाई. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही, आणि तुमच्या मित्राने नेमकं तेवढंच वाचलेलं दिसतंय. बाहेरच्या ॲपवर पैसे जातात कसे, ते त्याला विचारा. टेलिग्रामवरचा कुणी एजंट, रोज बदलणारा यूपीआय, अनोळखी माणसाच्या नावाचं खातं. माझ्या ओळखीतल्या एका मुलाला जिंकलेले २२ हजार अशाच खात्यातून आले. ते पैसे दुसऱ्या राज्यातल्या कुणाच्या तरी फसवणुकीतले निघाले आणि याचं खातं गोठलं. पगार त्याच खात्यात. बाइकचा हप्ता परत गेला, तेव्हा घरी कळलं.

गोव्याचं म्हणाल, तर ठाण्याहून मांडवी एक्सप्रेस पकडायची आणि मांडवीतल्या बोटीवर खेळायचं, ऐकायला झकास. पण समोरासमोरच्या टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात. शनिवार-रविवार मिळून दोन टुर्नामेंट धरल्या, तर तुमच्या ३४० व्हायला सव्वातीन वर्षं लागतील, तीही एक वीकेंड न चुकवता. तोवर तुम्ही चांगले खेळता की नाही हेही नीट कळणार नाही. जाऊन या वर्षातून एकदा, हौस म्हणून, हरले तरी चालतील एवढे पैसे घेऊन.

मेल ड्राफ्टमधून काढून टाका. आणि ३४० टुर्नामेंटची नोंद असेल तर मला पाठवा. बबलवर किती वेळा कॉल केलात ते मला बघायचंय.

प्रश्न : मुलगा रात्ररात्र मोबाइलवर पत्ते खेळायचा. ॲप बंद झाल्यापासून गप्प असतो, झोपत नाही, दोनदा माझ्याकडे पैसे मागितले. विचारलं की ‘मी जिंकत होतो’ म्हणतो.
– एक आई, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : ताई, जिंकलास की हरलास हे विचारू नका, त्याचं उत्तर प्रत्येक खेळणारा एकच देतो. बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट दोघांनी शेजारी बसून बघा, ओरडा न करता. कर्ज देणाऱ्या ॲपची नावं आहेत का, तेवढं आधी पाहा. असली तर नवं कर्ज काढून जुनं फेडू देऊ नका, आणि रोख पैसे त्याच्या हातात नकोत, हप्ता तुम्ही स्वतः भरा. झोपेचं मात्र आजच. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, मराठीतही बोलतात. तो करणार नसेल तर पहिला फोन तुम्ही करा.