भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा घरी गाड्यावरच्यासारख्या का लागत नाहीत?

प्रश्न असा आहे: "गाड्यावरच्या उकडलेल्या शेंगांचा दाणा आतपर्यंत खारट असतो. घरी कुकरला चार शिट्ट्या दिल्या तरी दाणा अळणीच. किती शिट्ट्या द्याव्यात? आणि हा प्रकार फक्त आपल्याकडेच खातात का?"

शिट्ट्यांचा आणि मिठाचा काडीचा संबंध नाही. आमच्या घरचा शेंगांचा गाडा आहे, त्यामुळे "किती शिट्ट्या" हे वाचलं की डोकं फिरतं. दहा शिट्ट्या दिल्या तरी दाण्याचा लगदा होईल, पण खारट होणार नाही. मीठ शेंग शिजताना थोडंच आत जातं. खरं जातं ते मुरताना, म्हणजे गॅस बंद केल्यावर. आणि नेमकं तेव्हाच तुम्ही झाकण उघडून पाणी ओतून देता.

गाड्यावर काय होतं ते नीट बघा. दहा किलो ओल्या शेंगा घेतल्या तर साधारण पंधरा लिटर पाणी आणि सहाशे ग्रॅम मीठ. म्हणजे लिटरला चाळीस ग्रॅम, समुद्राच्या पाण्याहून किंचित खारट. आकडा ऐकून घरातली बाई घाबरते, पण यातलं बरंचसं मीठ पाण्यातच राहतं. मीठ पाणी कोमट झाल्यावर टाकून ढवळायचं. गार पाण्यात तसंच तळाशी बसू दिलं तर स्टीलच्या भांड्यालासुद्धा टोचे पडतात. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्याचं तर विचारूच नका. त्यात खारं पाणी रात्रभर ठेवलं की सकाळी तळाला पांढरे डाग दिसतात, मग हळूहळू भोकं.

त्याआधी धुणं. यात लोक फार घाई करतात. शेंगेच्या सालीवर जाळी असते आणि त्या जाळीत माती घट्ट बसते. हलक्या, पोयट्याच्या रानातल्या शेंगा दोन पाण्यांत स्वच्छ होतात, काळ्या रानातल्या चार पाण्यांतही होत नाहीत. शेंगा अर्धा तास भिजवून गोणपाटात घालायच्या, गोणपाटाची दोन्ही तोंडं धरून घुसळायच्या, पाणी बदलायचं. पाणी नितळ दिसेपर्यंत. माती राहिली तर शेवटी मुरताना तेच गढूळ पाणी दाण्यापर्यंत जातं आणि खाताना दाताखाली कचकच येते. धुतानाच निवडून घ्यायचं: बुरशीचा वास येणारी, भोक पडलेली, काळी पडलेली, कोंब फुटलेली शेंग बाहेर. उपट्या, म्हणजे न पसरता उभ्या वाढणाऱ्या जातींना पावसात सापडल्यावर जमिनीतच कोंब येतात आणि तो दाणा कडू लागतो. बुरशीच्या शेंगेबाबत "उकळलं की सगळं मरतं" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. बुरशी मरते, तिने सोडलेलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष उकळून जात नाही.

शेंगा पाण्यात टाकल्या की तरंगतात, कारण सालीच्या आत हवा असते. वरच्या थरातल्या अर्ध्या शेंगा पाण्याबाहेर राहतात आणि नुसत्या वाफेवर शिजतात. म्हणून वर एक जड ताट उपडं ठेवायचं. पाणी ताटाच्या वर चार बोटं हवं. आधण आलं की आच मध्यम करायची. कोवळ्या ओल्या शेंगेला चाळीस-पन्नास मिनिटं, पक्व ओल्या शेंगेला तास-सव्वा तास. पाणी आटलं तर उकळतंच पाणी घालायचं, गार नाही. शिजलं का हे बघायला वरची, मधली आणि तळाची अशा तीन शेंगा काढायच्या. दाणा दोन बोटांत दाबला की दोन फाकी सहज व्हाव्यात आणि चावताना कच्चा 'कच्च' आवाज येऊ नये. पण पीठ व्हायला नको. आपल्याकडे शेंग थोडी टच लागली पाहिजे.

मग आच बंद. ताट तसंच. तीन तास कमीत कमी.

या तीन तासांतच सगळं घडतं. गरम शेंगेच्या आतली हवा आणि वाफ गार होताना आकसते, आतली जागा ओढायला लागते आणि सालीच्या बारीक छिद्रांतून खारं पाणी आत खेचलं जातं. सकाळी तरंगणारी शेंग संध्याकाळी तळाशी बसलेली दिसते, ती याचीच खूण. गाड्यावर पातेलं दिवसभर मंद धगीवर असतं, पुडा बांधताना झाऱ्याने शेंगा निथळून वर येतात. म्हणजे तुम्ही सहा वाजता जी शेंग खाता ती दुपारपासून मुरतेय. घाई असेल तर शेंगेची चोच चिमटीत दाबून किंचित फोडायची, मीठ झटकन आत जातं. पण पूर्ण फुटलेली शेंग फार खारट होते, म्हणून ती वेगळी काढतात.

आता पाणी. आमच्या थोरल्या चुलत्यांचं एक ठाम मत आहे: मीठ आधी टाकलं की दाणा शिजत नाही, म्हणून मीठ शेवटी. निम्मा महाराष्ट्र हेच म्हणतो, राजम्याबद्दल, हरभऱ्याबद्दल, शेंगांबद्दल. साफ चूक. दाणा टणक राहतो तो बोअरच्या जड पाण्याने. त्या पाण्यातलं कॅल्शियम सालीला आणि दाण्याला घट्ट धरून ठेवतं. मिठातलं सोडियम उलट ती पकड सैल करतं. खात्री करायची तर एकाच रानातल्या अर्धा-अर्धा किलो शेंगा घ्या, दोन सारखी पातेली, एकात बोअरचं पाणी आणि एकात फिल्टरचं किंवा पावसाचं, मीठ दोन्हींत सुरुवातीलाच. पन्नास मिनिटांनी दाणे दाबून बघा. दोष मिठाचा असता तर दोन्हीकडे दाणे टणक राहिले असते. चिंच किंवा कोकम मात्र शिजताना टाकू नका, आंबटाने दाणा खरंच अडतो. आणि खायचा सोडा तर नकोच. दाणा मऊ होतो पण साबणासारखा लागतो, साल काळपट पडते.

हळद टाकायची का हा वेगळा वाद आहे. रंग चांगला येतो. पण आषाढी एकादशीला, चतुर्थीला उपवासाची गिऱ्हाइकं शेंगा घेतात आणि बरेच लोक उपवासाला हळद खात नाहीत. त्यामुळे आमच्याकडे फक्त मीठ. कालच्या पाण्यात आजचा घाणा टाकणारेही असतात. सालीचा तुरटपणा पाण्यात उतरतो, दुसऱ्यांदा पाणी तपकिरी होतं आणि शेंग कडवट लागते. मी असलं पाणी ओतून देतो, मीठ वाया गेलं तरी.

शेंग कुठली घ्यावी, यावर तुम्ही विचारलं नाही, पण अर्धं काम तिथेच होतं. ओल्या शेंगांचे मोसम दोन. खरिपाची जून-जुलैत पेरलेली शेंग सप्टेंबर-ऑक्टोबरात निघते, उन्हाळी भुईमूग मे-जूनमध्ये. एक शेंग फोडून टरफलाची आतली बाजू बघा. पांढरीफटक असेल तर कोवळी, तपकिरी डाग धरले असतील तर पक्व. उकडायला दोन्हींच्या मधली उत्तम. दाणा भरलेला, पण अजून दूध धरलेला. तीन-चार लाल दाण्यांची लांब शेंग मिळाली तर घ्याच, गोड असते. आणि प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेवू नका. ओल्या शेंगेत भरपूर पाणी असतं, पिशवीत ती तापते आणि सकाळी बुळबुळीत होऊन कुबट वास मारते. सावलीत पसरा, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उकडा. वाळलेल्या शेंगा आणल्या असतील तर दहा-बारा तास भिजवा आणि पातेल्यात दोन तासांच्या वर धरून चाला. चव ओल्या शेंगेची येणार नाही, ते मनातून काढून टाका.

फक्त आपल्याकडेच खातात का? अजिबात नाही. भुईमूगच मुळात दक्षिण अमेरिकेचा. बंगळुरूत बसवनगुडीच्या दोड्ड बसवण्णा देवळापाशी कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी कडलेकाई परिषे भरते, ती अख्खी जत्राच शेंगांची. चीनमध्ये चक्रीफूल घालून उकडतात. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना राज्याने तर 2006 मध्ये उकडलेल्या शेंगा हा आपला अधिकृत खाऊ ठरवला. तिकडे ओली शेंग दोन-तीन तासही उकळतात, दाणा पार मऊ होईपर्यंत. आपल्याला ते आवडणार नाही.

आणि मुंबईच्या गाडीतली शिंग (भाजके शेंगदाणे), भरूचची खारी शिंग, कणसाच्या गाड्यावरच्या भाजक्या शेंगा यांच्याशी उकडलेल्या शेंगेची तुलना करू नका. भाजक्या शेंगांच्या ढिगावर निखाऱ्याचं मडकं ठेवतात ते शेंग कोरडी आणि गरम राहावी म्हणून, आणि आमच्या पातेल्यावर ओलं फडकं असतं ते वाफ कोंडावी म्हणून. धंदाच उलटा. उकडलेल्या शेंगेचे सगेसोयरे शोधायचे तर विदर्भातले उकडलेले शिंगाडे आणि कोकणातल्या फणसाच्या उकडलेल्या आठळ्या. रायगडातली पोपटी सख्खी नाही, चुलत. तिच्यात पाण्याचा थेंब नसतो. वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यात मडक्यात दाबून भरतात, मडकं उपडं ठेवतात आणि बाहेरून जाळ करतात. तिथे मीठ सालीवरच राहतं, आणि तसंच राहायला हवं.

पुडा वर्तमानपत्राचा असेल तर मागू नका. ओल्या, गरम, खारट शेंगा आणि छपाईची शाई. पळसाचा द्रोण किंवा कोरा कागद मागा. आम्ही कोरा कागद वापरतो, पुड्यामागे खर्च थोडा जास्त येतो, आणि काही गिऱ्हाइकं "पुडा लहान झाला" म्हणतात. असो.

दोन गोष्टी वर राहून गेल्या. रक्तदाब असेल तर चाळीस ग्रॅमचं प्रमाण निम्मं करा आणि मुरायला पाच तास द्या. आणि उकडलेली शेंग टिकाऊ नाही. उन्हाळ्यात बाहेर ठेवली तर दुसऱ्या दिवशी साल चिकट होते, आंबूस वास येतो. मग ती पुन्हा उकळून खायची नाही, टाकायची. निथळून फ्रीजमध्ये तीन दिवस राहते.

चुलत्यांच्या बाजूने एक कबूल करायला हवं. मीठ शेवटी टाकून शेंगा त्याच पाण्यात तीन तास ठेवल्या तर त्याही खारट होतात, कारण मुरणं तेव्हाच चालू असतं. त्यांची शेंग चांगली व्हायची. कारण मात्र चुकीचं सांगायचे, आणि मीठ आधी टाकलं म्हणून आम्हाला बोलणी बसायची.

बरं, शिट्ट्या. पाच लिटरच्या कुकरला एक किलो ओल्या शेंगा, बुडतील इतकं म्हणजे सुमारे दोन लिटर पाणी, ऐंशी ग्रॅम मीठ. कुकर दोन तृतीयांशाच्या वर भरू नका, सालीचे तंतू शिट्टीच्या नळीत अडकतात. मोठ्या आचेवर एक शिट्टी, मग आच बारीक करून पंधरा मिनिटं. भिजवलेल्या वाळक्या शेंगांना चाळीस. वाफ चमच्याने उचलून सोडू नका, एकदम सुटली की शेंगा तडकतात. कुकर आपोआप उतरू दे आणि त्यानंतर तीन तास झाकणाला हात लावू नका.